चंदन, टकळी आणि पोपटी

गेल्या वर्षीची गोष्ट. रात्रीचे आठ वाजले होते. तिसरीतली माझी नात वही घेऊन आली आणि म्हणाली, "नाना, उद्या प्रोजेक्ट द्यायचाय."

"कसला?"

"किल्ल्याचा. ग्रुप प्रोजेक्ट आहे. आमच्या ग्रुपमध्ये पाच जणी आहेत."

मला आनंद झाला. म्हटलं, बाकीच्या चौघींना बोलाव, अंगणात माती आहे, विटा आहेत. ती माझ्याकडे दयेनं पाहत म्हणाली, "नाना, तसं नाही. वर्गणी काढलीय. किल्ला दुकानात मिळतो."

आम्ही रोह्याच्या बाजारात गेलो. दुकानदारानं विचारलं, "छोटा देऊ का मोठा?" पुठ्ठ्याचा, रंगवलेला, बुरुजावर कागदी भगवा लावलेला किल्ला पिशवीत घालून आम्ही घरी आलो. मागच्या बाजूला पाच जणींची नावं आईनं सुबक अक्षरात लिहिली. दुसऱ्या दिवशी वहीत छान शेरा आला. आमच्या गच्चीवरून अवचितगडाचा डोंगर दिसतो. तो किल्ला घरातून दिसत असताना आम्ही किल्ला विकत आणला होता!

मी शिक्षक नाही. बी. ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस. पण त्या रात्री मला झोप आली नाही. मुलांनी एकत्र येऊन, आपल्या हातांनी काहीतरी करावं आणि करता करता शिकावं ही कल्पना आपल्याकडे आली कुठून, आणि तिचा असा पुठ्ठा झाला कधी, याचा शोध घ्यावासा वाटला. शोध घेता घेता मी माझ्याच दाराशी येऊन पोहोचलो. पेण तालुक्यातल्या एका खेड्यात.

प्रकल्प म्हटलं की अमेरिकेचं नाव निघतं, आणि ते चूक नाही. विल्यम किलपॅट्रिक या शिक्षणतज्ज्ञानं १९१८ साली 'प्रकल्प पद्धती' या नावाचा निबंध लिहिला आणि तो जगभर वाचला गेला. त्याचं म्हणणं साधं होतं. मुलाच्या मनात एखादा हेतू असावा, त्या हेतूसाठी त्यानं इतरांच्या संगतीनं मनापासून काम करावं, म्हणजे त्या कामातून शिक्षण आपोआप घडतं. ही पद्धत थोड्याच वर्षांत पंजाबातल्या मोगा इथल्या मिशनच्या शाळेत आली. दिल्लीच्या जामिया मिल्लियाच्या प्राथमिक शाळेत अब्दुल गफ्फार मुधोली नावाच्या शिक्षकानं ती रुजवली. तिथली मुलं स्वतःचं दुकान चालवत, स्वतःची बँक चालवत. हिशोब चुकला तर तो गणिताच्या पेपरात चुकत नसे, गल्ल्यात चुकत असे.

पण त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे एका माणसानं मुळावर बोट ठेवलं होतं. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे आपलं निवेदन दिलं. शेतकऱ्याच्या मुलाला मोडी, बाळबोध आणि हिशोब तर यावाच, पण शेतीचं आणि आरोग्याचं ज्ञानही मिळावं असं त्यांनी मागितलं. शिक्षक कसा हवा हेही सांगितलं. वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला ज्याला लाज वाटणार नाही असा! मंडळी, या एका अपेक्षेत पुढच्या सगळ्या इतिहासाचं दुखणं आहे. आपल्याकडे एका जातीच्या हातात पुस्तक होतं आणि दुसऱ्या जातीच्या हातात हत्यार होतं. शाळेत हातानं काम करायचं म्हणजे ही वाटणी मोडायची. म्हणून हा विषय हस्तकलेच्या तासाइतका सोपा कधीच नव्हता.

आता पेणकडे येऊ. पेण म्हटलं की गणपती. पेण शहर, हमरापूर, जोहे, कळवे या भागात घरोघरी मूर्तिशाळा आहेत. शाडूची माती येते गुजरातेतून, भावनगरच्या बाजूनं. ती भिजवायची, मळायची, मूर्ती सावलीत वाळवायची. उन्हात घाई केली की तडा जातो. सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी, आणि ती कारखान्यातल्या सर्वांत सरावलेल्या हातानंच करायची. या घरांतलं मूल बघत बघत शिकतं. आधी माती मळायला, मग साच्यात दाबायला, मग ओल्या ब्रशानं सांधे पुसायला. कुणी त्याला धडा देत नाही आणि तरी त्याचा धडा चुकत नाही.

याच पेण तालुक्यातल्या गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. आपण त्यांना आचार्य विनोबा म्हणून ओळखतो. बालपणीची काही वर्षं ते गागोद्याला आजोबांजवळ होते. त्या दिवसांची एक आठवण त्यांनी सांगितली आहे. आजोबा शंभुराव घरच्या गणपतीची मूर्ती चंदनाची करत, आणि चंदन उगाळायला घरातली मुलं असत. मूर्ती घडवायची, तिची स्थापना करायची, रोज पूजा-आरती करायची आणि मग तीच मूर्ती पाण्यात सोडून द्यायची. इतक्या कष्टानं केलेलं बुडवायचं कशाला, असा प्रश्न लहान मुलाला पडणारच. त्या प्रश्नातून आवाहन आणि विसर्जन या दोन गोष्टींचा अर्थ विनोबांना उमगत गेला.

मी हा प्रसंग वाचला तेव्हा मला वाटलं, यात सगळं आहे. काम एकट्याचं नाही, घराचं आहे. प्रत्येक हाताला त्याच्या वयाएवढं काम आहे. कशासाठी करायचं हे मुलांना माहीत आहे. कामातून प्रश्न उभा राहतो, आणि शेवटी वस्तू जाते, पण शिकलेलं राहतं. किलपॅट्रिकचा निबंध यायला तेव्हा बरीच वर्षं होती.

हाच गागोद्याचा मुलगा पुढे वर्ध्याला पोहोचला. तिथं नालवाडीला राहून, सूत कातून माणसाचं पोट भरतं का, याचा हिशोब तो स्वतःच्या देहावर करून पाहत होता. आणि तिथंच, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. फुल्यांच्या निवेदनाला त्याच महिन्यात पंचावन्न वर्षं झाली होती. अकराही प्रांतांत लोकनियुक्त सरकारं आली होती, आणि मुलांना शाळेत घालायचं तर पैसा कुठून आणायचा हा प्रश्न होता. गांधीजींनी मांडलं की सगळं शिक्षण एखाद्या उद्योगाभोवती गुंफावं, आणि मुलांनी केलेल्या वस्तूंतून शाळेचा खर्चही निघावा.

त्या सभेत जामियाचे डॉ. झाकीर हुसेन उठले. बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आलेला, चाळिशीचा माणूस. पुढे हेच भारताचे राष्ट्रपती झाले. समोर महात्मा गांधी, सभा त्यांचीच, आणि हे गृहस्थ नम्रपणे पण स्पष्ट बोलले. कामातून शिक्षण ही कल्पना अगदी नवी नाही, अमेरिकेत तिला प्रकल्प पद्धती म्हणतात, रशियातही तसे प्रयोग झाले आहेत, असं त्यांनी सांगितलं. आणि मग खरी भीती बोलून दाखवली. शाळेचा खर्च मुलांच्या कामातून काढायचा हट्ट धरला, तर शिक्षक मुकादम होतील आणि गरिबांच्या पोरांना राबवून घेतील. तसं झालं तर टकळी पुस्तकापेक्षाही वाईट ठरेल.

गांधीजींनी काय करावं? योजनेचा अभ्यासक्रम ठरवायला समिती नेमली आणि तिचं अध्यक्षपद याच टीकाकाराच्या हाती दिलं. त्या समितीत विनोबा होते, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, ख्वाजा गुलाम सैयदैन, आर्यनायकम् आणि आशादेवी हे पतिपत्नी होते. गागोद्याचा ब्राह्मण आणि जामियाचा पठाण एका सतरंजीवर बसून हिंदुस्थानातल्या खेड्यातल्या पोरानं सकाळी शाळेत काय करावं हे ठरवत होते. एक मराठी मुसलमान म्हणून हे चित्र मला फार जवळचं वाटतं. मुस्लिम लीगनं या योजनेवर कडाडून टीका केली, हेही सांगायला हवं. तो काळच तसा होता. चांगल्या कल्पनेकडेही ती कुणाच्या गोटातली आहे हे बघूनच पाहिलं जाई.

समितीनं डिसेंबर १९३७ मध्ये अहवाल दिला. सात ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला सात वर्षं मोफत, सक्तीचं, मातृभाषेतून शिक्षण. शाळा रोज साडेपाच तास, त्यांतले तीन तास वीस मिनिटं हातकामाला. मात्र काम आणि विषय वेगळे नाहीत. कापसाबरोबर भूगोल यावा, सुताच्या लांबीबरोबर गणित यावं, कापडाच्या गोष्टीबरोबर इतिहास यावा. याला मराठीत शब्द होता, समवाय. काम मुलांनी मिळून आखावं, मिळून करावं आणि संपल्यावर आपणच ते तपासावं अशी अपेक्षा होती. हातानं केलेलं प्रत्येक काम म्हणजे शिक्षण नव्हे, आधी डोक्यात आराखडा हवा आणि शेवटी स्वतःच्या कामाकडे कठोरपणे बघता यायला हवं, हे झाकीर हुसेन आयुष्यभर सांगत राहिले. १९५८ साली आकाशवाणीच्या पटेल स्मृती व्याख्यानांत ते शिक्षणाच्या पुनर्रचनेवरच बोलले.

सेवाग्रामच्या शाळेत हे खरोखर घडलं. मुलं भाजी पिकवत, स्वयंपाक करत, सफाई करत, आणि त्या सगळ्याची चर्चा आणि नोंद करत. १९४४ साली तिथं देवीप्रसाद नावाचे शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार आले. ते पुढे मोठे कुंभार म्हणून नावाजले गेले. मुलांच्या हातात त्यांनी रंग आणि माती दिली आणि त्या कामाला अभ्यासाच्या बरोबरीनं बसवलं.

मुंबई प्रांतात तेव्हा बाळासाहेब खेर पंतप्रधान होते, शिक्षण खातंही त्यांच्याकडेच होतं. त्यांनी काही शाळांत प्रयोग सुरू केला. ऑक्टोबर १९३९ मध्ये मूलोद्योग शिक्षणाची पहिली अखिल भारतीय परिषद पुण्यात भरली. पण महायुद्ध सुरू झालं होतं आणि त्याच सुमारास काँग्रेसच्या सरकारांनी राजीनामे दिले. स्वातंत्र्यानंतर योजना पुन्हा आली, आणि या वेळी ती सगळीकडे आली. सगळीकडे आली आणि तिथंच तिचा जीव गेला.

तो कसा गेला हे मी पाहिलं आहे. मी पेण-रोह्याच्या मधल्या एका गावातल्या जीवन शिक्षण मंदिरात शिकलो. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा होता. आठवड्यातून दोनदा टकळीचा तास असे. आम्ही रांगेत मांडी घालून बसायचो. पेळू मिळायचा, टकळी फिरायची, सूत तुटायचं. बोलायचं नाही. कुणाचं सूत किती झालं ते फुटपट्टीनं मोजलं जायचं. कापूस कुठून आला, सुताचं पुढं काय होतं, हे कुणी विचारलं नाही आणि सांगितलंही नाही. आमच्या सुताचं कापड झालेलं मी कधी बघितलं नाही. झाकीर हुसेन साहेबांच्या भीतीचं हे छोटं रूप होतं. आम्हाला राबवलं नाही कुणी, पण शिकवलंही नाही. समवाय गेला होता, संगत गेली होती. उरली होती फक्त टकळी.

आणि पालक? माझे वडील एकदा मुख्याध्यापकांना म्हणाले होते, "गुरुजी, सूत कातायला पोराला शाळेत कशाला धाडू? ते काम घरी पण होतं." त्यांचं चुकलं नव्हतं. रोह्याच्या माणसापुढं आदर्श होता चिंतामणराव देशमुखांचा. त्यांचं बालपण रोह्यात गेलं. मॅट्रिकला पहिले, केंब्रिजला गेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले. प्रत्येक बाप पोराला सांगे, देशमुखांसारखा हो. विनोबांसारखा हो असं सांगणारा बाप माझ्या पाहण्यात नाही. शहरातल्या चांगल्या शाळांत टकळी नव्हती, पुस्तकं होती. खेड्यातल्या पोरांना टकळी होती. लोकांनी यातून जे ओळखायचं ते ओळखलं. जुनी वाटणी नव्या नावानं परत येतेय, असा त्यांना वास आला. फुल्यांनी शिक्षकाच्या हातात नांगर मागितला होता. इथं शिक्षक खुर्चीत आणि टकळी पोरांच्या हातात, असं झालं. गंमत बघा, केंब्रिजला चिंतामणरावांना बक्षीस मिळालं होतं ते वनस्पतिशास्त्रात. पानं-फुलं हातात घेऊन, चिरून, निरखून शिकायच्या विषयात! पण ही बाजू आम्हाला कुणी सांगितली नाही.

सरकारी वाटेवर असं होत असताना कोकणच्याच किनाऱ्यावर दुसरी एक वाट पडत होती. ताराबाई मोडक १९२३ पासून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात काम करत होत्या. पेणला जिथून शाडू येतो तेच भावनगर. १९४५ साली त्यांनी डहाणू तालुक्यात बोर्डीला काम सुरू केलं. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात आणायची कुठून? मग शंखशिंपले, बिया, पानं, गोटे हीच साधनं झाली. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, अनुताई वाघ सोबत होत्या. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत कारण ती गुरं राखायला जातात, असं दिसल्यावर शाळाच कुरणात गेली. तिला नाव मिळालं कुरणशाळा. इथं कुणी मुलांच्या कामाचं सूत मोजत नव्हतं. मुलाच्या हाताशी जे आहे तिथून सुरुवात होत होती.

मोठ्या माणसांच्या या गोष्टी मला पुष्कळ उशिरा कळल्या. पण त्यांचा अर्थ मला चौथीतच एका गुरुजींनी दाखवला होता. टकळीच्या तासाला कंटाळलेले ते गुरुजी. साल १९७९.

थंडीचे दिवस होते. भात कापल्यावर आमच्याकडे त्याच शेतात वाल पेरतात. शेंगा भरल्या की पोपटी लागते. रायगडच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला भरून, मडकं उपडं ठेवून, भोवती जाळ करून शेंगा भाजायच्या, ती पोपटी. आत पाण्याचा थेंब घालायचा नाही. गुरुजी म्हणाले, "शनिवारी शाळेची पोपटी. पण मी काही करणार नाही. तुम्ही ठरवा."

चाळीस पोरांचे पाच गट झाले. शेंगा किती लागतील? एका मुठीत किती मावतात ते मोजलं, चाळीसनं गुणलं, मग मडक्यात तेवढ्या मावतात का ते बघितलं. मावेनात. दोन मडकी हवीत असं निघालं. कुंभाराकडे कोण जाणार, जळण कोण आणणार, वारा कुठल्या बाजूनं येतो, आग शाळेच्या छपरापासून किती लांब हवी? भांडणं झाली, मतदान झालं. काही घरांत अंडी-मटण घालायची पद्धत, काहींना ते चालत नसे. गुरुजींनी एकच सांगितलं, "सगळ्यांना एका मडक्यातलं खाता येईल असं काय ते करा." मग फक्त शेंगा, बटाटे आणि मीठ ठरलं. आमच्या वर्गात आगरी, कुणबी, ब्राह्मण, बौद्ध, मुसलमान, कातकरी सगळे होते. एका मडक्यातलं खाणं हा काही आमच्या गावात रोजचा प्रकार नव्हता.

त्या वर्गात कातकरवाडीतला एक मुलगा होता. शेवटच्या बाकावर बसे. वाचता येत नसे, त्यामुळे छड्या खाई. पण भांबुर्डा कुठं उगवतो ते फक्त त्यालाच नीट माहीत होतं. तो आम्हाला घेऊन गेला. कोवळा पाला कुठला, जून कुठला, सारखा दिसणारा पण कडू कुठला, हे त्यानं चुरगळून, वास देऊन दाखवलं. आम्ही वहीत पानं दाबली. मडक्याच्या तळाशी, मध्ये आणि तोंडाशी पाला कसा दाबायचा ते त्यानं सांगितलं. शेंगा शिजल्या कधी हे कळणार कसं? त्यानं ओंजळीतून चार थेंब तापलेल्या मडक्यावर टाकले. चर्र झालं. "काढा आता," तो म्हणाला. गुरुजींनी विचारलं, "पाणी न घालता शेंग शिजली कशी रे?" कुणालाच येईना. मग शेंगेतलंच पाणी, त्याची वाफ, पाल्यानं अडवलेली वाफ, असं एकेक सुचत गेलं. वाफेचा धडा पुस्तकात पुढं कुठंतरी होता. आम्ही तो आधीच खाल्ला होता.

सोमवारी पोपटीवर लिहायचं होतं. त्या मुलानं सांगायचं आणि मी लिहायचं असं गुरुजींनी ठरवलं. आज मागे वळून बघताना वाटतं, दुसऱ्याचं बोलणं कान देऊन ऐकायचं आणि त्याच्या शब्दांत उतरवायचं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा केलं. माझी कविता तिथं सुरू झाली असं म्हटलं तर खोटं होणार नाही. दोन महिन्यांत तो मुलगा आपलं नाव लिहायला शिकला. पुढच्या दिवाळीनंतर त्याच्या घरचे नेहमीप्रमाणे वीटभट्टीवर गेले आणि तो परत शाळेत आला नाही. त्याचं काय झालं मला माहीत नाही. त्याची आठवण आली की मला शाळेविषयीचे सगळे मोठे शब्द लहान वाटतात.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली होती. गुरुजींनी पेणच्या एका कारखान्यातून शाडूचा गोळा मागून आणला आणि वर्गाचा गणपती करायचं ठरलं. एकानं पाट केला, दोघांनी बैठक केली, सोंडेवरून तर मारामारी झाली. माझ्याकडे उंदीर आला. मी घाबरत घाबरत घरी सांगितलं, मी गणपतीचा उंदीर केलाय. आई भाकरी थापत होती. तिनं वर न बघता विचारलं, "मिशा काढल्यास का त्याला?" मी नव्हत्या काढल्या. दुसऱ्या दिवशी केरसुणीच्या काड्या घेऊन गेलो. आमचा गणपती वाळताना खांद्याला तडकला, कारण आम्ही घाई करून तो उन्हात ठेवला होता. गुरुजी रागावले नाहीत. म्हणाले, "कशानं तडकला ते लिहा." शेवटी आम्ही तो नदीत सोडला. शाळेच्या कपाटात ठेवायला काहीच उरलं नाही.

त्यानंतर नावं पुष्कळ बदलली. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगानं कार्यानुभव हा शब्द दिला होता, तो आमच्या वेळापत्रकावर येऊन बसला. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीनं समाजोपयोगी उत्पादक कार्य म्हटलं. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यापासून ज्ञानरचनावाद आला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं तर कृतीतून, शोधातून शिकणं हे कलमातच घातलं. २०१० पासून आपल्या राज्यात आकारिक मूल्यमापन आलं आणि त्यात उपक्रम आणि प्रकल्प यांना गुण मिळाले. २०२० च्या धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत. हेतू सगळ्यांचे चांगले आहेत. या काळात मनापासून काम करणाऱ्या शाळाही उभ्या राहिल्या. कोल्हापूरला लीलाताई पाटलांचं सृजन आनंद विद्यालय १९८५ पासून, पुण्याला अक्षरनंदन १९९२ पासून. सेवाग्रामच्या त्याच जुन्या परिसरात २००५ साली आनंद निकेतन ही शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत एकटे-दुकटे शिक्षक आजही आमच्या गुरुजींसारखं काही ना काही करत असतात.

पण गुण आले की हिशोब आला. टकळीच्या काळात सूत मोजलं जाई, आता प्रकल्पाची फाईल मोजली जाते. फाईल भरायची तर वेळ हवा, तो बाईंकडे नाही, पालकांकडे नाही. ती गरज दुकानानं ओळखली. म्हणजे दोष दुकानदाराचा नाही. तेव्हा मुलांचे हात होते आणि डोकं काढून घेतलं होतं, आता दोन्ही काढून घेतली. तेव्हा निदान पोरगं स्वतः बसून सूत तोडत तरी होतं.

यात कुणाचं नुकसान जास्त होतं? माझ्या नातीचं थोडं होतं. तिला घरी पुस्तकं आहेत, आजोबा आहेत. जास्त नुकसान होतं शेवटच्या बाकावरच्या त्या मुलाचं. त्याच्याकडे किल्ल्याच्या वर्गणीचे पैसे नसतात. त्याच्याकडे जे असतं, पाल्याची ओळख, मातीची, दोरीची, जाळ्याची ओळख, ते विकतच्या प्रकल्पात कुणी मागत नाही. खऱ्या सामूहिक कामात वर्गातला नंबर एका दिवसासाठी उलटा होतो. हुशार मुलाला कळतं की आपल्याला सगळं येत नाही, आणि मागं पडलेल्याला कळतं की आपल्याला काही येतं. ही संधी आपण शंभर-दीडशे रुपयांत विकतो आहोत.

पुढच्या रविवारी मी त्या पाच जणींना अंगणात बोलावलं. म्हटलं, गच्चीवरून बघा आणि अवचितगड करा. शेजारच्या दोन पोरांना माती आणायला घेतलं. गडावर बारा कोनांचं एक खोल तळं आहे, ते करायचं ठरलं आणि सगळं अडलं. बारा सारखे कोन पाडायचे कसे? एक तास वाद चालला. मग एकीला भिंतीवरचं घड्याळ दिसलं. घड्याळ उतरवून मातीवर ठेवलं, बारा खुणा केल्या, काड्या रोवल्या. तळं झालं, पाणी ओतलं, आणि पाणी मातीत जिरून गेलं. "नाना, गडावरचं पाणी कसं जिरत नाही?" नातीनं विचारलं. मला उत्तर माहीत होतं. मी ते दिलं नाही.

आता परीक्षा संपली की सगळ्यांना गडावर जायचंय, तळ्याचा तळ बघायला. मेढ्याच्या बाजूनं वाट आहे. माझे गुडघे तयार नाहीत, पण जावं लागणार असं दिसतंय.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)